‘रक्खिता’ कोण? जात, स्त्रीत्व आणि बालिकांवरील लैंगिक अत्याचार

भाईंदर पूर्वेच्या एका वस्तीतील विहारात रविवारी सकाळी पालि वाचनाचा लहानसा वर्ग भरतो. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत काम करणारे उपासक, मीरा रोडच्या उंच इमारतींत धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या उपासिका आणि महाविद्यालयात शिकणारी काही मुले त्यात असतात. एका वर्षावासात आम्ही मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्त वाचत होतो. कोसल देशातील साला गावच्या ब्राह्मण गृहस्थांना तथागतांनी कायेने, वाचेने व मनाने घडणारे अधर्माचरण समजावून सांगितले, असे ते सुत्त आहे. ‘कामेसु मिच्छाचार’ म्हणजे काय, याचे स्पष्टीकरण करताना त्यात स्त्रियांची एक यादी येते: मातुरक्खिता, पितुरक्खिता, भातुरक्खिता, भगिनिरक्खिता, ञातिरक्खिता, याप्रमाणे. आईने रक्षिलेली, बापाने रक्षिलेली, भावाने, बहिणीने, नातलगांनी रक्षिलेली. अशा स्त्रीशी दुराचार करू नये, असा आशय. अर्थ सांगून झाल्यावर मागे बसलेल्या एका उपासिकेने विचारले, “बाई, आणि जिचं रक्षण करायला कोणीच नाही, तिचं काय?”

तिच्या प्रश्नाला त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते पुरेसे नव्हते. पुढील विवेचन त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करण्यासाठी लिहीत आहे.

प्रथम यादीविषयी. विनयपिटकात, भिक्षूने स्थळे जुळविण्याचे काम करू नये या शिक्षापदाच्या संदर्भात, हीच यादी थोड्या फरकाने आली आहे आणि तेथे प्रत्येक पदाचा अर्थही सांगितला आहे. ‘रक्षण’ म्हणजे जपणे आणि सांभाळणे, हे तर आहेच. परंतु त्याच ओघात अधिकार चालविणे व स्वतःच्या ताब्यात ठेवणे हेही अर्थ येतात. म्हणजे रक्षण आणि सत्ता या दोन गोष्टी त्या काळच्या समाजाने एकाच शब्दात बांधल्या होत्या. पालि साहित्याच्या अभ्यासकाने हे लपविण्याचे कारण नाही. सुत्तातील यादी तत्कालीन कुटुंबव्यवस्थेचा आरसा आहे. त्या आरशात मुलगी स्वतः दिसत नाही, तिच्यावर ज्याचा ताबा आहे तो दिसतो. (मुलग्यांचा तर या यादीत उल्लेखच नाही, आणि त्यांच्यावरही अत्याचार होतात.) उपासिकेने नेमक्या याच जागी बोट ठेवले होते.

ज्या मुलीमागे रक्षण करणारा प्रबळ माणूस नाही, तिचे काय होते, याचे उत्तर आपल्या राज्यातील एका खटल्याने दिले आहे. त्या मुलीच्या नावानेच तो खटला देशभर ओळखला जातो. पीडितेचे नाव प्रसिद्ध करू नये हा नियम त्याच खटल्यानंतर झालेल्या कायद्यात आला, परंतु तोवर तिचे नाव सर्वतोमुखी झाले होते. या लेखात मी ते लिहीत नाही. कायद्याच्या ग्रंथांत तो ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आहे.

देसाईगंज हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तेथील ही आदिवासी मुलगी आईबापाविना वाढलेली, मजुरी करणाऱ्या भावाजवळ राहणारी आणि स्वतःही लोकांच्या घरी काम करणारी होती. यादीतील शब्द वापरायचा तर ती ‘भातुरक्खिता’ होती. एका तरुणाशी तिचे प्रेम जमले. भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार केली आणि २६ मार्च १९७२ च्या रात्री सर्वांना पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले. जबाब झाले. इतरांना घरी जाण्यास सांगितले गेले, तिला मात्र थांबवून ठेवण्यात आले. दार बंद झाले, दिवे मालवले गेले. बाहेर भाऊ व इतर माणसे उभी होती. आत एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि नंतर दुसऱ्याने तिच्या शरीराशी दुर्वर्तन केले, अशी तिची फिर्याद होती.

वैद्यकीय तपासणीत तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान ठरले. त्या काळी संमतीचे वय सोळा होते. म्हणजे ती सोळाच्या आत असती, तर तिने संमती दिली होती की नव्हती हा प्रश्नच उद्भवला नसता. संबंध हाच बलात्कार ठरला असता. परंतु सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये निकाल देताना, ती सोळा वर्षांच्या आतील असल्याचा समाधानकारक पुरावा नाही असे म्हटले. भूमिहीन आदिवासी मजुराच्या घरी जन्माची नोंद कोठून येणार? शाळेचा दाखला कोठून येणार? ज्या घरात कागद असतो त्या घरातील मुलीचे बालपण न्यायालयात सिद्ध होते. ज्या घरात कागद नसतो त्या घरातील मुलगी पुराव्याअभावी प्रौढ ठरते. जात अथवा जमात, दारिद्र्य आणि स्त्रीत्व एकमेकांत कसे मिसळतात याचे यापेक्षा उघड उदाहरण मला माहीत नाही. कोणी ‘ही आदिवासी आहे म्हणून’ असे म्हणण्याची गरजही पडली नाही. कागद नव्हता, एवढेच पुरले.

वय असे बाजूला सारले गेल्यावर उरले चारित्र्य. तिचा पूर्वी शरीरसंबंध आला होता, असे वैद्यकीय तपासणीवरून सांगण्यात आले आणि सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून दोघांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरविला. भीतीपोटी निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे. ठाण्यात, अनोळखी पोलिसांच्या ताब्यात असलेली मुलगी स्वतःहून त्यांना जवळ करील हे असंभव आहे, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे होते. एकाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये तीही रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. सबब तिने प्रतिकार केला नाही. सबब तिची संमती होती, असा त्या निकालातील युक्तिवादाचा क्रम आहे.

या ठिकाणी विनयपिटकाकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. पाराजिककांडात उप्पलवण्णा थेरीची कथा येते. ती अर्हत् भिक्षुणी होती. तिच्यावर आसक्त असलेल्या एका तरुणाने तिच्या कुटीत लपून तिच्यावर बलात्कार केला. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार हा तरुण परका नव्हता. तो तिच्या मामाचा मुलगा होता. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली तेव्हा प्रश्न असा होता की, भिक्षुणीचे ब्रह्मचर्य मोडले काय? निर्णय एका शब्दावर उभा आहे: ‘असादियन्ती’. ‘सादियति’ म्हणजे रुचीने स्वीकारणे, मनाने मान्य करणे. जिने मनाने स्वीकारले नाही, तिच्याकडे कोणताही दोष येत नाही. तिने आरडाओरड केली का, तिच्या अंगावर ओरखडे होते का, ती आधी कशी होती, असे काहीही तेथे विचारलेले नाही. शरीरावर जे लादले गेले त्यावरून मनाची संमती अनुमानित करता येत नाही, हे तत्त्व विनयाने शतकानुशतकांपूर्वी स्पष्ट मांडले होते. मूळ प्रश्न भिक्षुणीच्या दोषाचा होता, आरोपीच्या शिक्षेचा नव्हता, हा फरक मान्य करूनही तत्त्व तेच राहते. नागपूरच्या खंडपीठाने जे म्हटले ते विनयाच्या जवळ जाणारे होते.

मात्र कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. त्यानंतर भिक्षुणींनी अरण्यात राहू नये असा नियम झाला आणि अट्ठकथा म्हणते की, पसेनदी राजाने त्यांच्यासाठी नगरात निवासस्थान बांधले. दोष नाही, पण मोकळीक कमी झाली ती स्त्रीचीच. आजही वस्तीत एखाद्या मुलीला त्रास झाला की पहिला निर्णय तिची शाळा बंद करण्याचा होतो. यात जुने फारसे बदललेले नाही.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञ अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतील भेद न्यायालयाने विसरावा काय, आणि त्या मुलीचे वय, तिचे दारिद्र्य, तिची सामाजिक स्थिती यांचा विचारच होऊ नये काय, असा त्यांचा प्रश्न होता. १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला. १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला: ताब्यातील स्त्रीवरील बलात्कारात संमती नव्हती असे तिने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, सुनावणी बंद खोलीत व्हावी, नाव छापू नये. देशातील असंख्य स्त्रियांना याचा लाभ झाला. देसाईगंजच्या मुलीला झाला नाही. तिचा निकाल तसाच राहिला.

आता मूळ प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. जात आणि स्त्रीदास्य या दोन वेगळ्या व्याधी असून काही दुर्दैवी मुलींना दोन्ही एकदम जडतात, असे समजण्याची पद्धत आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी हे खोडून काढले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. जात म्हणजे जातीअंतर्गत विवाहाचे बंधन, हे त्यातील सूत्र. ते बंधन टिकवायचे तर गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली हवी. नवरा मेला की स्त्री ‘अतिरिक्त’ होते. तिला चितेवर घालवा किंवा सक्तीच्या वैधव्यात डांबा. बायको मेली की पुरुष अतिरिक्त होतो. पण त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे, आणि संन्यास घ्यायला लावणेही गटाला परवडत नाही. मग त्याच्यासाठी वधू कोठून आणायची? गटातील उपवर मुली तर उपवर मुलांनाच पुरतात. तेव्हा जी अद्याप विवाहयोग्य झालेली नाही, तिच्यातून आणायची. बालविवाहाची उपपत्ती बाबासाहेबांनी अशी दिली. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. प्रौढ पुरुषाच्या सोयीसाठी लहान मुलीचे शरीर खर्ची घालणे, ही जातीच्या यंत्रातील एक आवश्यक कळ आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विदुषी किंबर्ली क्रेनशॉ यांनी वंश आणि लिंग यांच्या छेदनबिंदूवर उभ्या असलेल्या स्त्रीविषयी जी संज्ञा रूढ केली ती १९८९ मधील. बाबासाहेबांचा निबंध त्याआधी त्र्याहत्तर वर्षांचा आहे.

जातीच्या आत मुलीचे शरीर राखून ठेवायचे. जातीबाहेर, खालच्या मानलेल्या मुलीचे शरीर मात्र मोकळे समजायचे, ही त्याच यंत्राची दुसरी बाजू. जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला जोगतीण म्हणून वाहिल्या जाणाऱ्या मुली बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या जातींतील असत आणि वाहिल्या जात तेव्हा अजाण असत. देवाशी लग्न लागले की मनुष्याशी लग्न नाही. बाप, नवरा, भाऊ यांपैकी कोणाचाही ताबा नाही. म्हणून गावातील सामर्थ्यवान पुरुषाला आडकाठी नाही. धर्मविधीने तिचे बालपणच रद्द करून टाकले होते. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ या आपल्या पत्रातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला. महाराष्ट्राला निर्मूलनाचा नवा कायदा करावा लागला तो २००५ मध्ये. एकाहत्तर वर्षांनी पुन्हा कायदा करावा लागला, यावरून पहिल्याचे काय झाले ते समजावे.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांसमोर भाषण केले. ते भाषण कठोर आहे. हे जीवन सोडा, उपजीविकेचा मार्ग शोधा, असे त्यांनी निक्षून सांगितले. अलीकडे काही अभ्यासकांना ते स्त्रियांवरच बोट ठेवणारे वाटते. मला त्यात एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते: ज्या स्त्रियांचे नाव घेण्याचीही समाजाला लाज वाटे, त्यांना त्यांनी धर्मांतराच्या चळवळीच्या सभेत समोर बसविले. तरीही प्रश्न उरतोच की, ज्यांना बालपणी वाहिले गेले, त्यांनी ‘सोडायचे’ ते काय? ते त्यांनी धरले कधी होते?

बाबासाहेब न्यूयॉर्कला १९१३ मध्ये पोहोचले. त्या देशात त्याआधी चोपन्न वर्षांपूर्वी मिसिसिपी राज्यात एक निकाल झाला होता. दहा वर्षांच्या आतील एका गुलाम मुलीवर बलात्कार केल्याबद्दल जॉर्ज नावाच्या गुलामाला शिक्षा झाली होती. १८५९ मध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्द केली; कारण बालिकांच्या रक्षणाचा कायदा गोऱ्या मुलींपुरता आहे, गुलाम मुलगी त्यात येतच नाही. पुढच्या वर्षी तेथील विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला, पण अत्याचारी काळा असेल तरच तो लागू होणार होता. गोऱ्या मालकाचा हात तसाच मोकळा राहिला. ‘रक्खिता’ची यादी येथेही होती, फक्त ती कातडीच्या रंगाने लिहिली होती. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातिसूचक ‘लिङ्ग’ म्हणजे खूण असते, मनुष्यांत तशी नसते, असे दाखविले आहे. कायदे लिहिणाऱ्यांनी ती खूण शोधून काढली.

आपल्या कायद्यांनी दीर्घकाळ एक चूक केली: जात असेल तर स्त्रीत्व नाही आणि स्त्रीत्व असेल तर जात नाही, असे धरून चालण्याची. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील गंभीर गुन्ह्यांच्या कलमात, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची वा जमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला पाहिजे, अशी अट होती. आरोपीचे वकील म्हणत, हा वासनेचा गुन्हा, जातीचा नव्हे. जणू काय वासना पाडा आणि वाडा ओळखत नाही! २९ सप्टेंबर २००६ ची खैरलांजी वाचकांना सांगावयास नको. भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यांत शिकणारी किशोरवयीन मुलगी होती. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आणि नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये खुनासाठी शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागला नाही आणि विनयभंगाचा आरोपही टिकला नाही. जात गेली आणि स्त्रीत्वही गेले. उरला तो केवळ खून.

कायद्यातील ती अट २०१५ च्या दुरुस्तीने बदलली. ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. आता पीडितेची जात आरोपीला ठाऊक होती, एवढे पुरते. आणि तो तिला वा तिच्या घरच्यांना ओळखत असेल तर ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते. २७ एप्रिल २०२१ रोजी, आंध्रातील एका अंध दलित तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच विस्ताराने म्हटले की, अशा स्त्रीवरील अन्यायाचे जात, लिंग, अपंगत्व असे तुकडे करून मोजता येत नाहीत. आरोपीची बलात्काराची शिक्षा कायम राहिली. परंतु गुन्हा दुरुस्तीपूर्वीचा असल्याने जातीविषयक कलमाखालील शिक्षा पुराव्याअभावी त्याच निकालात रद्द झाली, हेही नोंदविले पाहिजे. देसाईगंजच्या मुलीवर केली गेली तसली ‘चारित्र्य’ तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अयोग्य ठरविली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरावे असे सांगितले.

येथवर जे लिहिले ते वाचताना आपल्या वाचकाला बळ येते, कारण त्यात अत्याचारी बाहेरचा आहे. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा आरोपी स्वतः अनुसूचित जातीचा असेल तर लागत नाही, आणि बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचे प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. उप्पलवण्णेचा मामेभाऊ आपल्याही घरात आहे. अशा वेळी ‘समाजाची बदनामी होईल’ हे वाक्य ऐकू येते. मी ते विहाराच्या पायऱ्यांवर ऐकले आहे, पंचशील घेऊन उतरणाऱ्यांच्या तोंडून. सवर्ण गावगुंडाने केले तर मोर्चा, आणि शेजारच्या काकाने केले तर बैठक व मिटवामिटवी. यात मुलगी दोन्हीकडे समाजाच्या अब्रूचे साधन ठरते. विनयातील यादीत एक पद आहे, ‘धम्मरक्खिता’. सहधर्मी ज्यांचे रक्षण करतात ती. माझ्या मते त्या उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर या पदापाशी आहे, मात्र त्यातून ताब्याचा अर्थ काढून टाकल्यावरच.

मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ मध्ये झाली आणि त्यानंतर शहर आणखी वाढले. काशीमिऱ्याच्या डोंगरालगतचे आदिवासी पाडे, बांधकामावर हंगामापुरती येणारी मराठवाड्यातील कुटुंबे, दिवसभर आई कामावर गेल्याने एकट्या असणाऱ्या खोल्यांतील मुली. देसाईगंज येथून दूर नाही. म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी. मुलीचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला जपावा. वय ठरविताना कायदा प्रथम त्यांनाच मानतो आणि ते नसतील तरच हाडांच्या तपासणीकडे वळतो. २०१२ च्या बालक लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे ज्याला सर्वजण पोक्सो म्हणतात त्याखाली, अठरा वर्षांच्या आतील मुलगा वा मुलगी यांची संमती विचारात घेतली जात नाही. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मिटवामिटवी करणारी बैठक त्यामुळे स्वतःच गुन्ह्याच्या कक्षेत येते. १०९८ या क्रमांकावर मूल स्वतःही बोलू शकते. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तेथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे. तपासणी महिला डॉक्टरांनी करायची आहे. आणि त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात असे म्हटले आहे की, कोणत्याही कारणास्तव बालकाला रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येणार नाही.